माउस प्रवासाचा की मुक्कामाचा?

हिशेब तपासणीचं काम करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. महिन्यातले बारा-पंधरा दिवस त्या फिरतीवर असतात. सोबत पंधरा इंची लॅपटॉप, एक्सटर्नल हार्ड डिस्क आणि दिवसाचे सात-आठ तास एक्सेलचे लांबच लांब तक्ते. ऑफिसात त्यांच्याकडे वायरचा, हातात भरणारा माउस आहे. फिरतीसाठी म्हणून त्यांनी एक छोटा वायरलेस माउस घेतला होता. त्याचा रिसीव्हर, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा इवलासा तुकडा, एका प्रवासात हरवला. मग त्याहून चपटा, त्याहून हलका असा दुसरा घेतला. तो मुक्कामाच्या खोलीतल्या काचेच्या टेबलावर धड चालत नाही. कर्सर मध्येच उड्या मारतो, तर कधी काही सेकंद जागचा हलत नाही. प्रवासात तो ठेवायलाच जागा नसते. आणि गेले दोन महिने संध्याकाळी उजव्या हाताची बोटं आखडू लागली आहेत. सहकारी म्हणतात, "टचपॅड असताना माउस कशाला लागतो तुला?" त्यांचा प्रश्न असा: "ही माझी वाईट सवय आहे का? आता चांगल्यापैकी महागाचा छोटा माउस घेऊ, की मन घट्ट करून टचपॅडचीच सवय लावून घेऊ?"

सवयीचं आधी बोलू, कारण सहकाऱ्यांचं ते वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतंय.

माउस लागतो यात कमीपणा काहीच नाही. टचपॅड आणि माउस वरवर एकाच कामाचे वाटतात, पण दोघांची जात वेगळी आहे. पान वरखाली सरकवायचं, एखादा भाग मोठा करून बघायचा, एका खिडकीतून दुसरीत जायचं, ही कामं टचपॅड सुरेख करतो. तुमचं काम मात्र धरून ओढण्याचं आहे. चौकटीच्या अगदी कोपऱ्यावर नेम धरायचा, बटण दाबून ठेवायचं आणि तीनशे ओळी खाली न्यायचं. टचपॅडवर हे करताना बोट मध्यावरच कडेला पोचतं, मग दुसरं बोट मदतीला आणायचं, तेवढ्यात पहिलं सुटतं आणि भलतीच ओळ निवडली जाते. दिवसातून चार वेळा असं झालं तर माणूस सोडून देतो. चारशे वेळा झालं तर वैतागतो, आणि ते योग्यच आहे.

माउस जन्माला आला तोच नेमकं दाखवण्यासाठी. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एन्गेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस तयार केला. लाकडाचा ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. पडद्यावरची अक्षरं निवडायला सगळ्यात बरं साधन कोणतं, याच्या त्यांनी रीतसर चाचण्या घेतल्या. प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती, टेबलाखालून गुडघ्याने चालवायची एक युक्तीसुद्धा होती. सराव झालेल्या लोकांच्या बाबतीत माउस सर्वांत जलद आणि सर्वांत अचूक ठरला. यातला 'सराव झालेल्या' हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तुमच्या हाताला वर्षानुवर्षांचा सराव आहे. तो मोडून टाकायला सांगणाऱ्यांचं काम बहुधा तुमच्यासारखं नसावं.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. 'महागाचा छोटा माउस की टचपॅड' या दोनच वाटा तुम्ही मांडल्या आहेत. त्याआधी मला एक विचारायचंय. फिरतीच्या दिवसांत तुम्ही नक्की कुठे बसून काम करता? प्रवासात म्हणजे गाडीत किंवा विमानात बसल्या जागी किती वेळ, आणि मुक्कामाला पोचल्यावर टेबलावर किती वेळ? दिवसाचे सात-आठ तास तक्त्यांत जातात असं तुम्ही लिहिता, म्हणजे त्यातले बहुतेक तास कुठल्या ना कुठल्या टेबलावरचे असणार. तसं असेल तर तुमचा माउस प्रवासाचा नाहीच, तो मुक्कामाचा आहे. प्रवासात तो फक्त बॅगेत असतो. आणि तुम्ही तो निवडलाय बॅगेच्या सोयीने.

'प्रवासाला जायचं म्हणजे वस्तू लहान हवी' हे आपण सगळेच धरून चालतो. जरा हिशेब मांडून बघा, तो तुमचाच प्रांत आहे. छोटा माउस साधारण नऊ-दहा सेंटिमीटर लांब असतो, नेहमीचा बारा किंवा थोडा जास्त. वजनातला फरक बहुतेक वेळा पन्नास ग्रॅमच्या आसपास. त्यातही बराच भाग सेलचा असतो. जाडा पेन्सिल सेल तेवीस ग्रॅमच्या आसपास भरतो, बारीक सेल त्याच्या निम्मा. तुमचा लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि हार्ड डिस्क मिळून दोन किलोच्या घरात जात असतील. त्यात पन्नास ग्रॅम वाचवायचे आणि त्यासाठी रोज सात तास बोटं आकसून धरायची, हा सौदा मला पटत नाही. लहान माउसचा खरा फायदा जाडीत आहे. चपटा माउस लॅपटॉपच्या कप्प्यात सरकतो, मोठ्याचा उंचवटा येतो. पण तुमच्याकडे बॅग आहे, नुसतं पातळ कव्हर नाही. चार्जर जिथे जातो त्याच कप्प्यात मध्यम आकाराचा माउसही जाईल.

तेव्हा छोटा माउस हवाच का, हे आधी ठरवा. ज्यांचं काम दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, चार मेल, एखादं सादरीकरण, त्यांनी खुशाल छोटा घ्यावा. हात लहान असेल तर तो पूर्ण दिवसही पुरतो. तुमच्या हाताचं माप मला माहीत नाही, पण ओळखायची खूण सांगते. माउस हातात धरा आणि काही न करता तसंच थांबा. तळव्याचा मागचा भाग माउसवर टेकतोय का? अंगठा आणि करंगळी नुसती बाजूला विसावली आहेत, की माउसला चिमटीत पकडून बसली आहेत? बोटं सरळ पसरली आहेत, की पंजासारखी वाकलेली? चिमटा आणि पंजा दिसला, तर संध्याकाळी बोटं आखडण्याचं एक कारण तिथेच सापडलं. चिमटीत धरलेला माउस हलत नसतानाही बोटांचे स्नायू काम करत राहतात. मोठ्या माउसवर हात नुसता ठेवलेला असतो, छोटा सतत धरावा लागतो.

हाताच्या बाबतीत मला थोडं जास्त बोलायचंय, कारण पत्रात तो मुद्दा तुम्ही अगदी शेवटी आणि एका ओळीत उरकला आहे. माझ्या दृष्टीने तो पहिला आहे. बोटं आखडतात एवढंच होतं का, की मुंग्याही येतात? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, हाताला झटके दिल्यावर बरं वाटणं, ही मनगटातली मज्जातंतूची नस दबत असल्याची लक्षणं असू शकतात. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर दुसरी नस, ती कोपराजवळ किंवा मनगटाशी दबू शकते. यांपैकी काही असेल तर माउस बदलून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अशा तक्रारींवर वेळेत उपाय केले तर त्या आटोक्यात येतात, रेंगाळल्या तर पकड कमजोर होते. नुसतं आखडत असेल आणि सुट्टीच्या दोन दिवसांत पूर्ण जात असेल, तर आधी बसण्याची पद्धत आणि माउसचा आकार बदलून बघायला हरकत नाही.

बसण्याचं म्हणाल तर मुक्कामाच्या खोल्यांमधली टेबलं कामासाठी केलेली नसतात. ती बहुधा उंच असतात आणि खुर्ची बुटकी. मग खांदा वर चढतो, मनगट टेबलाच्या धारेवर टेकतं आणि सगळा भार तिथे येतो. खुर्चीवर उशी किंवा घडी केलेलं पांघरूण ठेवून इतकं उंच बसा की कोपर टेबलाच्या पातळीत येईल. पाय लोंबकळायला लागले तर खाली बॅग ठेवा. आणखी एक गोष्ट पंधरा इंची लॅपटॉपवाल्यांच्या लक्षात येत नाही. कीबोर्डच्या उजवीकडे अंकांच्या कळा असतील तर माउस तेवढाच आणखी उजवीकडे जातो आणि हात दिवसभर शरीरापासून लांब राहतो. लॅपटॉप थोडा डावीकडे सरकवा, माउस आपोआप जवळ येईल. छोट्या माउसच्या बाजूने इथे एक चांगली गोष्ट सांगायला हवी. त्यांतले बरेचसे दोन्ही बाजूंनी सारखे असतात, त्यामुळे नुसतं वाचण्या-सरकवण्याचं काम डाव्या हाताने करून उजव्याला विसावा देता येतो. पहिले तीन-चार दिवस अवघडल्यासारखं होतं, मग जमतं.

आता तुमच्या सध्याच्या माउसबद्दल. तो बिघडलाय असं तुम्ही धरून चालला आहात. मला तो निर्दोष असण्याची शक्यता जास्त वाटते.

काचेचं टेबल बघा. आजच्या माउसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. शेजारचा दिवा किंवा लेझर पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो आणि कॅमेरा सेकंदाला हजारो फोटो घेतो. एका फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला यावरून हात किती हलला ते त्याला कळतं. साध्या लाकडावर, कागदावर, कापडावर डोळ्यांना न दिसणारे चढउतार भरपूर असतात. स्वच्छ काचेवर कॅमेऱ्याला धरायला काहीच सापडत नाही, चकचकीत पॉलिशवर प्रकाश परावर्तित होऊन त्याचा अंदाज चुकतो. मग कर्सर उड्या मारतो. काचेवर चालणारे खास सेन्सर मिळतात, पण त्यासाठी नवा माउस घ्यायची गरज नाही. जाड पुठ्ठ्याची डायरी, एखादी फाइल, चार कोरे कागद एकावर एक, काहीही खाली ठेवा. फिरतीसाठी पातळ, गुंडाळता येणारा माउसपॅड सगळ्यात सुटसुटीत, आणि तो लॅपटॉप बंद करताना पडदा आणि कीबोर्डच्या मध्ये ठेवण्याचा मोह टाळा, पडद्यावर दाब येतो. एवढं करूनही उडी राहिली तर माउस उलटा करून सेन्सरच्या भोकात बघा. तिथे अडकलेला एखादा केससुद्धा कर्सरला वेड लावतो.

दुसरी तक्रार, काही सेकंद जागचा हलत नाही. इथे माझा संशय तुमच्या हार्ड डिस्कवर आहे. वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, मग तो रिसीव्हरवाला असो वा ब्लूटूथवाला. वायफायची एक मोठी शाखाही तिथेच असते. आणि वेगवान यूएसबी ३ ची उपकरणं, त्यांच्या वायरी आणि सॉकेटं काम करताना नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली स्वतःच हे सविस्तर मांडलं होतं. हार्ड डिस्क एका पोर्टमध्ये आणि तिला खेटून रिसीव्हर दुसऱ्या पोर्टमध्ये, म्हणजे धडधडत्या जात्याशेजारी बसून कुजबुज ऐकण्यासारखं. माझ्याच एका माउसला मी तीन दिवस दोष देत होते. बॅकअप संपला, डिस्क काढली आणि माउस सुरळीत चालू लागला, तेव्हा कुठे उलगडा झाला. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. दुसऱ्या बाजूला पोर्ट नसेल तर वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर माउसच्या जवळ आणा. ही एवढीशी वायर नव्या माउसपेक्षा जास्त काम करते. डिस्क लावलेली असताना आणि काढलेली असताना असा फरक जाणवतो का, ते आधी तपासा म्हणजे अंदाज बरोबर आहे की नाही ते कळेल.

फरक जाणवला नाही तर सेल बदलून बघा. कमजोर सेलवर माउस बंद पडण्याआधी बरेच दिवस असा अडखळतो. आणि थोडा वेळ हात काढल्यानंतरच पहिले दोन-तीन सेकंद अडकत असेल, तर लॅपटॉप वीज वाचवायला यूएसबी किंवा ब्लूटूथला झोपवतोय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढून टाका. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ही सोय कदाचित तुमच्या हातात नसेल, मग आयटीवाल्यांना सांगा.

समजा, हे सगळं करूनही नवा माउस घ्यायचंच ठरलं. मग रिसीव्हर की ब्लूटूथ हा प्रश्न येतो. पहिल्या माउसचा रिसीव्हर हरवल्यामुळे तुमचं मन ब्लूटूथकडे झुकलं असेल. ते बरोबरही आहे. हरवायला काही नाही, पोर्ट अडत नाही, आणि ज्या नव्या लॅपटॉपना फक्त सी प्रकारचे पोर्ट असतात त्यांना वेगळा ॲडॉप्टर लागत नाही. पण रिसीव्हरची बाजूही ऐका. तो लावला की माउस चालू, जोडणीची भानगड नाही. लोकांच्या ऑफिसात त्यांचाच कॉम्प्युटर वापरायची वेळ तुमच्यावर येत असणार, तिथे ब्लूटूथ असेलच असं नाही. ब्लूटूथचा माउस झोपेतून जागा व्हायला किंचित वेळही घेतो. माझं मत विचाराल तर फिरतीवरच्या माणसाने दोन्ही सोयी असलेला माउस घ्यावा. रोज ब्लूटूथवर वापरावा आणि रिसीव्हर पोटातल्या कप्प्यात अडीअडचणीसाठी ठेवावा. ज्यात रिसीव्हर ठेवायला कप्पाच नाही असा माउस फिरतीसाठी घेऊ नये, मग तो कितीही देखणा असो.

तुमच्या कामामुळे एक गोष्ट सांगणं भाग आहे. २०१६ साली बॅस्टिल नावाच्या सुरक्षा संस्थेने दाखवून दिलं की, अनेक नामांकित कंपन्यांच्या रिसीव्हरवाल्या माउसमध्ये एक भगदाड होतं. माउस आणि रिसीव्हर यांच्यातलं बोलणं सांकेतिक नव्हतं, आणि रिसीव्हर दुरून पाठवलेल्या खोट्या कळा खऱ्या समजून लॅपटॉपकडे पोचवत होता. ब्लूटूथ माउसना हा दोष लागू नव्हता. नंतर काही कंपन्यांनी सुधारणा आणल्या, पण त्या जुन्या रिसीव्हरमध्ये आपोआप येत नाहीत, उत्पादकाचं सॉफ्टवेअर चालवून भराव्या लागतात. दुसऱ्यांच्या हिशेबाची कागदपत्रं लॅपटॉपवर घेऊन फिरणाऱ्याने अनेक वर्षं जुना, कुठून आला ते आठवत नाही असा रिसीव्हर वापरू नये.

प्रवासातल्या जागेबद्दल बोलायचं राहिलं. विमानातली साधी सीट सुमारे त्रेचाळीस ते सेहेचाळीस सेंटिमीटर रुंद असते आणि तुमचा पंधरा इंची लॅपटॉप एकटाच छत्तीसच्या आसपास. समोरच्या ट्रेवर माउसला उरतं काय? कितीही छोटा घेतलात तरी तो सरकवायला जागा हवीच. शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून माउस चालवण्यात हात आणखी आखडतो. म्हणून प्रवासात माउस बाहेर काढूच नका, असं मी म्हणेन. तिथे वाचायचं, टिपणं काढायची, मेल लिहायचे. सहकाऱ्यांचं टचपॅडचं म्हणणं एवढ्यापुरतं घ्या.

आणि तक्त्यांचं काम तिथे करावंच लागलं तर टचपॅडपेक्षाही कीबोर्डवर भर द्या. तुमचा सगळ्यात मोठा वैताग खाली ओढण्याचा आहे ना? शेजारच्या रकान्यात आकडे भरलेले असतील तर चौकटीच्या खालच्या उजव्या टोकावर दोनदा क्लिक करा, सूत्र आपोआप शेवटपर्यंत उतरतं. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून खालचा बाण दाबला की, मध्ये रिकामी चौकट येईपर्यंतचा अख्खा रकाना निवडला जातो. भरायच्या चौकटी निवडून कंट्रोल आणि डी दाबलं की, सगळ्यात वरची चौकट खाली भरली जाते. कंट्रोल आणि स्पेसने उभा रकाना, शिफ्ट आणि स्पेसने आडवी ओळ. कंट्रोल आणि पेज डाउनने पुढचं पान. हे तुम्हाला आधीच येत असेल तर माफ करा. पण अनेक अनुभवी लोकांना मी यातलं निम्मं माउसने करताना पाहिलं आहे, आणि यातल्या दोन-तीन युक्त्या जरी हाताला लागल्या तरी ऑफिसातल्या मोठ्या माउसवरचा ताणही कमी होतो. टचपॅडची एक सेटिंगही बघून घ्या. माउस जोडलेला असताना टचपॅड बंद ठेवायची सोय विंडोजमध्ये आहे. टाइप करताना तळवा लागून कर्सर भलतीकडे जातो तो त्रास त्याने थांबतो.

प्रवासात बसल्या जागी दाखवण्या-ओढण्याचं काम ज्यांना टाळताच येत नाही, त्यांनी अंगठ्याने फिरवायच्या गोळ्याचा माउस, म्हणजे ट्रॅकबॉल, जरूर बघावा. तो जागचा हलत नाही, गोळा फिरतो. मांडीशेजारी किंवा सीटच्या हातावर ठेवला तरी चालतो, काचेचाही प्रश्न नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या: तो आकाराने लहान नसतो आणि त्यात सगळं काम अंगठ्यावर येतं. अंगठ्याच्या बुडाशी आधीच दुखत असेल तर तो घेऊ नये. मांडीवर जाड डायरी ठेवून तिच्यावर साधा माउस चालवणं हा बिनखर्चाचा उपाय, तासाभरासाठी ठीक.

टेबलावरही जागा अपुरी असेल तर माउसची संवेदनशीलता वाढवा. माउसच्या खोक्यावर डीपीआय म्हणून जो आकडा असतो तो हाच. आठशेवर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला माउस साधारण सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो, सोळाशेवर तीन. हात कमी हलतो, पण नेम धरायला जास्त स्थिर लागतो. बाराशेच्या आसपासची मधली सोय असेल तर तिथून सुरुवात करा. याहून मोठे आकडे खोक्यावर शोभून दिसतात, तक्त्यांच्या कामाला त्यांचा उपयोग नाही.

बॅगेत टाकताना माउसचं खालचं बटण बंद करायची सवय लावा. बंद नसला की बॅगेत दाबला जाऊन तो जागा होत राहतो आणि ऐन मुक्कामाला सेल संपलेला असतो. सेलवाला घ्यावा की चार्जिंगवाला? मी फिरतीला सेलवाला पसंत करते. सेल कुठेही मिळतो, बदलायला दहा सेकंद लागतात आणि एक सेल कित्येक महिने जातो. चार्जिंगवाला घेतलात तर चार्ज होत असताना वापरता येतो का, हे नीट बघा. काहींचं सॉकेट पोटाखाली असतं, मग चार्जिंग चालू असेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची वेळ येते. विमानप्रवासात लिथियमचे सुटे सेल सोबतच्या बॅगेत ठेवावे लागतात, सामानात द्यायच्या बॅगेत चालत नाहीत. फ्लाइट मोड लावला की ब्लूटूथही बंद होतं, ते हवं असल्यास वेगळं चालू करावं लागतं. आणि रात्रीच्या प्रवासात, शेजारी कुणी झोपलेलं असताना क्लिकचा टकटक आवाज फार मोठा वाटतो. आवाज न करणारी बटणं मिळतात. एकाच खोलीत सहकाऱ्यासोबत राहावं लागत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी मी ते चांगल्या कारणी लागले असं म्हणेन.

तर पुढच्या फिरतीला लगेच काही विकत घेऊ नका. ऑफिसातला तो वायरचा मोठा माउसच बॅगेत टाकून न्या. वायर असली म्हणून काय झालं, मुक्कामाच्या टेबलावर ती आड येत नाही. सोबत डायरी घ्या, खुर्चीवर उशी घ्या, आणि त्या आठवड्यात संध्याकाळी बोटं कशी आहेत ते रोज दोन शब्दांत लिहून ठेवा. हात मोकळा राहिला तर तुम्हाला हवा असलेला माउस त्याच मापाचा आहे, तेवढाच वायरलेस बघा. तरीही आखडला तर ती टिपणं डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतील.

आणि रिसीव्हर हरवलेला तो पहिला माउस अजून घरात असेल तर शोधून काढा. त्याचं सेलचं झाकण उघडून आत नीट बघा, बऱ्याच माउसमध्ये रिसीव्हर ठेवायची खाच तिथेच सेलशेजारी असते, आणि 'हरवलेले' किती तरी रिसीव्हर तिथे सापडतात. नाहीच सापडला तर माउसच्या पोटावर ब्लूटूथची खूण किंवा दुसरं एखादं बटण आहे का ते पाहा. दोन्ही नसेल तर निदान आतला सेल तरी काढून ठेवा, म्हणजे तो गळून माउस खराब होणार नाही. काही कंपन्यांचे रिसीव्हर सुटे मिळतात आणि जुन्या माउसशी पुन्हा जोडता येतात. मॉडेलचा क्रमांक खालच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, तो टिपून उत्पादकाकडे विचारा.